ठाण्याच्या पुढचे आठ किलोमीटर

१९ जानेवारी २०२५ ला मी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन पळले. ४२.१९५ किलोमीटर, पाच तास चौतीस मिनिटं. वेळ आधीच सांगून टाकते, कारण हे लिखाण पाच-साडेपाच तास लागणाऱ्यांसाठी आहे. चार तासांच्या आत येणाऱ्यांचं जग वेगळं. आम्ही ज्या उन्हात पेडर रोड चढतो, त्या उन्हात ते घरी जाऊन आंघोळ करत असतात.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. वय पंचेचाळीस, नोकरी लेखा विभागातली, म्हणजे दिवसभर बसूनच. शाळेत कधी धावण्याच्या शर्यतीत नव्हते. कचराळी तलावाभोवती चालायला लागले, मग एक फेरी पळत एक चालत, मग दहा किलोमीटर, मग दोन अर्ध्या मॅरेथॉन. तिथपर्यंतच्या प्रवासाबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं. शेवटच्या आठ-दहा किलोमीटरमध्ये डोक्यात काय होतं, याबद्दल मला मराठीत नीटसं काही मिळालं नव्हतं, म्हणून हा खटाटोप.

नोंदणी ऑगस्टमध्ये सुरू झाली. पूर्ण मॅरेथॉनला मनात आलं म्हणून नाव घालता येत नाही. आधी कुठल्यातरी वेळ मोजणारी चिप लावलेल्या शर्यतीत पळल्याचं, वेळ नोंदवलेलं प्रमाणपत्र अपलोड करावं लागतं. ते किती जुनं चालतं आणि किती वेळेच्या आतलं लागतं, हे त्या त्या वर्षीच्या नियमांत वाचा, कुणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. माझं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. अर्ध्या मॅरेथॉनच्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं. ती शर्यत भरवणाऱ्यांना मेल केले, फोन केले. 'मॅडम, आज करतो' असं ऐकत तीन आठवडे गेले, तेव्हा दुरुस्त पीडीएफ आली. तेव्हा बायकांना खास सांगणं: कुठल्याही छोट्या शर्यतीला नाव घालताना ते आधारवर आहे तसंच्या तसं घाला. मैत्रिणीने घाईत भरलेला फॉर्म पुढे असा नडतो.

नोंदणीचं शुल्क दरवर्षी बदलतं, पण खरा खर्च तो नव्हेच. बूट साडेआठ हजार. सरावातच ते निम्मे झिजतात, म्हणून शर्यतीसाठी दुसरी जोडी, ती सेलमध्ये सहा हजारांना. एनर्जी जेल, म्हणजे पळताना चोखायची गोड पाकिटं, एकेक दीडशे रुपयांच्या घरात, आणि लांबच्या प्रत्येक सरावात दोन-तीन लागतात. शिवाय डॉक्टर. चाळिशीनंतर पहिल्यांदा एवढं पळणार असाल तर ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या, कुणी मागो न मागो. माझ्या हृदयाचं सगळं ठीक निघालं, हिमोग्लोबिन मात्र १०.६. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की या रक्तावर तुम्ही पळाल, पण दमाल कशाने ते तुम्हाला कळणार नाही. लोहाच्या गोळ्या, सोबत लिंबू, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा बंद. अडीच महिन्यांनी १२.१ झालं. सगळ्या तयारीत एका गोष्टीने सर्वांत जास्त फरक पडला असेल तर तो या गोळ्यांनी.

सराव सप्टेंबरपासून, आठवड्यातून चार दिवस. ठाण्यात पळायला जागा कुठे, असं लोक विचारतात. जागा आहेत, पण वेळ पाळावी लागते. घोडबंदर रोडला तेव्हा मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि अवजड गाड्या, तिकडे आम्ही फिरकलोच नाही. पोखरण रोडवरून उपवन तलाव आणि तिथून येऊरच्या पायथ्यापर्यंत हा आमचा नेहमीचा रस्ता. चढाच्या सरावाला येऊरसारखं काही नाही. लांबच्या रविवारी पहाटेची ट्रान्स हार्बर लोकल पकडून नवी मुंबईला पाम बीच रोडवर जायचं. सपाट, सरळ, कंटाळवाणा रस्ता, आणि तो कंटाळा मुद्दाम हवा असतो. बायकांनी अंधारात एकटीने निघू नये, असं मी आजही म्हणेन. आमचा सात जणींचा ग्रुप आहे. कुत्री मागे लागली तर थांबून चालायचं, एवढाच त्यावर इलाज.

आता एक गोष्ट जी मला सराव सुरू करेपर्यंत माहीत नव्हती. पहिल्यांदा पळणाऱ्यांच्या बहुतेक वेळापत्रकांत सगळ्यात लांबचं धावणं ३० ते ३२ किलोमीटरचंच असतं. त्याच्या पुढे पळालं तर शरीराची झीज जास्त, भरून यायला वेळ जास्त, फायदा थोडा. म्हणजे शेवटचे दहा किलोमीटर थेट शर्यतीच्या दिवशीच भेटतात. मी डिसेंबरच्या मध्यावर पाम बीचला ३२ केले आणि त्या दिवशी फार छान वाटलं होतं. आमच्या ग्रुपमध्ये एक ताई आहेत, त्यांच्या चार मॅरेथॉन झाल्यात. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "छान वाटलं ना? मग आजच बसून एक काम कर. कशाकशासाठी थांबायचं ते कागदावर लिही. ३२ नंतर तुझं डोकं तुला अगदी शहाण्या माणसासारखं समजवायला लागेल. ते जे म्हणेल ते बरोबरच वाटेल. त्या वेळी ठरवायचं नाही, आधी ठरवलेलं पाळायचं."

मी लिहिलं. छातीत दुखलं, चक्कर आली, बोलणं अडखळायला लागलं, थंडी वाजायला लागली किंवा घाम यायचा थांबला, एकाच जागी असं टोचायला लागलं की पाऊल वाकडं पडतंय, तर थांबायचं आणि स्वयंसेवकाला सांगायचं. पायात गोळा आला तर उभं राहून ताणायचं आणि पुढे जायचं. बाकी कशासाठीही थांबायचं नाही. पाणी असेल तिथे दहा-वीस पावलं चालायचं, ते थांबणं नाही. हा कागद फ्रिजवर लावला होता. सासूबाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "एवढं पळून पोचणार कुठे, तर निघालीस तिथंच." हे तसं अगदी खरं आहे. सीएसएमटीपासून निघून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, सी लिंकवरून वांद्रे, मग माहीम, शिवाजी पार्क आणि त्याच पेडर रोडने परत आझाद मैदानापाशी.

शर्यतीच्या आधीचे तीन दिवस बीकेसीला एक्स्पो, म्हणजे पळण्याच्या सामानाचं प्रदर्शन, असतो आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, तिथे स्वतः जाऊनच घ्यावा लागतो. मूळ ओळखपत्र आणि नोंदणीचं पत्र लागतं. गुरुवारी जा. शनिवारी सगळी मुंबई येते, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी तीन तास उभं राहणं पायांना परवडत नाही. मी गुरुवारी अर्धी रजा टाकली, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा केली, दीड तासात बाहेर. एक्स्पोत नव्या गोष्टी फार मोहात पाडतात. मोजे, जेल, पट्टे, काहीही घ्या, पण शर्यतीत वापरू नका. बिबच्या मागे रक्तगट, आजार, घरच्यांचा नंबर लिहायची जागा असते, ती तिथल्या तिथे भरून टाका.

शनिवारी रात्री मी साडेआठला आडवी झाले आणि जेमतेम तीन तास झोप लागली. ताई म्हणाल्या होत्या की आदल्या रात्रीच्या झोपेचा हिशोब धरू नकोस, शुक्रवारची झोप मोज. त्या आधारावर मी निर्धास्त राहिले. दीडला उठून दोन पोळ्या गुळासोबत, कॉफी, आणि शौचाला जाऊन येणं. हे शेवटचं वाचून हसू नका. पहाटे सुरुवातीच्या जागी रांगा लांब असतात, त्यामुळे घरूनच मोकळं होऊन निघणं हे एक कौशल्य आहे आणि त्याचाही सराव लांबच्या रविवारी करावा लागतो.

मध्य रेल्वेने त्या दिवशी कल्याणहून पहाटे तीनला विशेष लोकल सोडली होती, ती साडेचारला सीएसएमटीला पोचणारी. ठाण्याला ती साडेतीनच्या आतबाहेर आली. बायकांच्या डब्यात सगळ्यांच्या छातीवर बिब, कुणी केळं खातंय, कुणी गुडघ्याला पट्टी लावतंय, आणि कुणीच मोठ्याने बोलत नाही. मी खिडकीपाशी होते. रुळांच्या बाजूला विजेच्या तारांचे जे खांब असतात, त्यांच्यावर किलोमीटरचे आकडे रंगवलेले असतात, सीएसएमटीपासून मोजलेले. रोजच्या प्रवासात कोण बघतंय. त्या पहाटे बघितले. ३३, मुलुंडला ३१, मग २७, २३, उतरत उतरत. १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली ते अंतर ३४ किलोमीटर, हे आपल्याला चौथीपासून पाठ. त्या गाडीला तीन इंजिनं होती आणि सत्तावन्न मिनिटं लागली होती. मी मनात मांडणी केली: सीएसएमटीहून पळत निघाले तर दादर नऊ, कुर्ला साधारण पंधरा, घाटकोपर एकोणीस-वीस, मुलुंड ३१, ठाणे ३४. आणि तिथे शर्यत संपत नाही. कळवा ३६, मुंब्रा ४०, आणि शेवट दिव्याच्या जरासा अलीकडे. तेव्हा ही गंमत म्हणून सुचली होती. पुढे तीच उपयोगी पडली, नको तितकी.

सामान काही नेलं नव्हतं. नवरा नंतर चपला आणि कोरडे कपडे घेऊन येणार होता. ज्यांच्याबरोबर कुणी येणार नसेल त्यांनी सामान ठेवण्याच्या व्यवस्थेसाठी वेगळा वेळ धरा, साडेचारला पोचणाऱ्या गाडीने ते जमवणं कठीण. थंडीसाठी जुना टीशर्ट घालून गेले आणि सुरुवातीला काढून दिला.

शर्यत पाचला सुटणार म्हणजे सगळे पाचला सुटत नाहीत, वेळेनुसार गट पाडलेले असतात. माझा गट रेषेवर पोचेपर्यंत दहाएक मिनिटं गेली. चिप बिबवरच असते, तुमची वेळ तुम्ही रेषा ओलांडल्यापासून सुरू होते, त्यामुळे घाबरून मुसंडी मारू नये. मी साडेपाच तासांच्या पेसरबरोबर लागले. झेंडा घेऊन ठरावीक वेगाने पळणारा पेसर आणि त्याच्या मागची मंडळी, याला पळणाऱ्यांच्या भाषेत बस म्हणतात. या बसमध्ये बसायला मिळत नाही एवढंच.

पहिले तीस किलोमीटर थोडक्यात आटपते. मरीन ड्राइव्हला अंधार आणि हवा गार. पेडर रोडचा चढ जाताना जाणवलाच नाही. सी लिंकवर उजाडलं. तिथे एरवी पायी जाता येत नाही, म्हणून फोटोसाठी लोक थांबतात, मीही थांबले. माहीमला दुसऱ्या अंगाने ऊन यायला लागलं. शिवाजी पार्कच्या बाजूला ढोल-ताशा होता आणि तिथे माझा वेग इतका वाढला की पेसरने हात खाली दाबून 'हळू' अशी खूण केली. दर पाऊण तासाला एक जेल, त्यावर पाणी, अधूनमधून मिठाची पूड. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही धोक्याचं असतं, त्यामुळे तहानेपुरतंच प्यायचं ठरवलं होतं.

वरळीत ३१ ची पाटी दिसली आणि डोक्यात आलं, मुलुंड.

ठाणेकरांना हे सांगायला नको. मुलुंड गेलं की आपण उठतो, पर्स खांद्याला लावतो आणि दाराशी येऊन उभे राहतो. गेली वीस वर्षं हेच केलंय. वरळीच्या त्या रस्त्यावर माझं मन तसंच उठून दाराशी आलं. पाय अजून ठीक होते. श्वास ठीक होता. पण आतून कुणीतरी उतरायच्या तयारीला लागलं होतं. पेसरचा झेंडा वीस पावलं पुढे गेला, मग पन्नास. मी बघत राहिले.

याचं शरीरातलं कारण नंतर वाचलं. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो तो साधारण दोन हजार कॅलरींचा. पळताना किलोमीटरमागे वजनाच्या प्रत्येक किलोला ढोबळमानाने एक कॅलरी लागते. माझं वजन ६२, म्हणजे पूर्ण अंतराला अडीच हजारांच्या वर. थोडी भर चरबी घालते, थोडी जेल, तरी तिशीच्या पुढे कुठेतरी टंचाई सुरू होते. आणि मेंदूही साखरेवरच चालतो. त्यामुळे पायांच्या आधी मूड जातो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण मी त्या मूडला स्वतःचं मत समजत होते.

हाजी अलीच्या सुमारास ३४. ठाणं आलं. उतर.

आता डोक्यात काय काय आलं ते आलं तसं लिहिते. ३४ म्हणजे काही कमी नाही. पहिल्या आगगाडीनेही एवढंच केलं होतं. मंगळवारी ऑडिटर येणार आहेत, तू आजारी पडलीस तर फाइली कोण काढणार. गुडघे आयुष्यभर पुरवायचेत. कुणाला दाखवायचंय तुला. मुलाची दहावी तोंडावर आहे आणि आई रस्त्यावर पळतेय. टॅक्सी समोर उभी आहे. (टॅक्सी नव्हती, रस्ता बंद होता.) यातलं एकही वाक्य मूर्खपणाचं नव्हतं, हीच अडचण. मला वाटलं होतं डोकं ओरडेल, रडेल. ते इतकं समजुतीने बोलत होतं की एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला दुरुत्तर करायचा संकोच वाटावा, तसा मला त्याला नाही म्हणायचा संकोच वाटत होता.

मी कागद आठवला. छातीत दुखतंय? नाही. चक्कर? नाही. घाम येतोय? भरपूर. पाऊल वाकडं? नाही. ऑडिटरचा कागदावर उल्लेख नव्हता. मग चालू.

पेडर रोडच्या चढाला मी चालायचंच असं आधी ठरवलं होतं. चढ चालायचा, उतार पळायचा. हे ठरवलेलं नसतं तर तिथे चालताना हरल्यासारखं वाटलं असतं, आणि ते वाटणं शेवटच्या टप्प्यात फार महाग पडतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिथले रहिवासी संत्र्याच्या फोडी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, चिक्की घेऊन उभे होते. मी बटाटा घेतला. आयुष्यात इतका चांगला बटाटा खाल्ला नाही. एक पोरगा ओरडला, "आंटी, बस दो किलोमीटर!" तेव्हा सहाच्या वर बाकी होते. त्या मुलाचा मला जो राग आला, तो माझ्या ओळखीचा नव्हता. पुढच्याच वळणावर एक बाई नुसत्या टाळ्या वाजवत होत्या तर मला रडू आलं. कारण काहीच नाही. पळणाऱ्यांना कळकळीची विनंती करते: या वेळचा राग आणि रडू, दोन्ही खरं धरू नका. बघणाऱ्यांनाही एक सांगते: अंतर सांगू नका. टाळ्या वाजवा, बिबवरचं नाव घेऊन हाक मारा, पण अंतर सांगू नका.

मग हिशोब गेला. ३६ ची पाटी आली आणि ४२ मधून ३६ गेले किती, हे मला येईना. मी लेखा विभागात आहे. दोनदा करून पाहिलं, एकदा आठ आले, एकदा चार. तेव्हा वजाबाकी सोडली आणि स्टेशनं धरली. हे कळवा. यानंतर मुंब्रा. मुंब्र्यापर्यंत एकच स्टेशन. किती किलोमीटर उरले हे जिथे समजत नव्हतं, तिथे 'एकच स्टेशन' हे समजत होतं.

केम्प्स कॉर्नरच्या उतारावर पळायचं ठरलेलं होतं म्हणून पळाले. उतारावर मांड्यांचं जे होतं ते चढापेक्षा वाईट. बाबुलनाथ, चौपाटी, आणि समोर मरीन ड्राइव्ह. पहाटे इथून गेलो तेव्हा हाच रस्ता छोटासा वाटला होता. आता साडेनऊ वाजून गेलेले, सावली नाही, डावीकडच्या इमारती आणि उजवीकडचा समुद्र, दोन्ही जागचे हलत नाहीत. वळण असल्यामुळे शेवटाकडचं टोक सतत दिसतं आणि सतत तितकंच लांब राहतं. माझ्यासाठी सगळ्यात कठीण भाग हाच होता, पेडर रोड नव्हे. चढाला निदान काहीतरी करावं लागतं. इथे करायला काहीच नव्हतं, फक्त होत राहायचं होतं.

मी मोठे विचार करून बघितले. आई, बाबा, शाळेतली मी, वगैरे. ते दीडशे पावलंही टिकले नाहीत. जे टिकलं ते बारीकसारीक कामं. शंभर पावलं पळायचं, तीस चालायचं. पळताना आकडे तोंडाने मोजायचे, मराठीत, मोठ्याने. ओंजळभर पाणी मानेवर, टोपी भिजवायची, खांदे खाली. हाताची मूठ उघडायची. पुन्हा शंभर. दुसऱ्या बाजूने ड्रीम रनची, म्हणजे हौसेच्या छोट्या धावेची मंडळी पोशाख करून, फलक घेऊन हसत-खिदळत येत होती, त्यांच्याकडे न बघणं हेही एक काम.

३८ च्या थोडं पुढे उजव्या पोटरीत गोळा आला. कठड्याला हात लावून ताणलं. स्वयंसेवक मुलीने स्प्रे मारला आणि विचारलं, "काकू, थांबणार का?" मी कागदाप्रमाणे उत्तर दिलं. तिथेच शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ पोटरी ताणत होते. पुन्हा निघालो तर बरोबरच.

"कुठून ताई?"

"ठाणे. तुम्ही?"

"डोंबिवली."

मी त्यांना माझी स्टेशनं सांगितली. ते जरा वेळ गप्प पळाले आणि म्हणाले, "म्हणजे तुमचं कधीच आलं की. माझं तर शर्यत संपली तरी यायचं नाही." आम्ही दोघं इतके हसलो की मला बाजूला होऊन चालावं लागलं. त्या हसण्यानंतर मधला एक किलोमीटर कसा गेला ते आठवत नाही. पुढे ते मागे राहिले की पुढे गेले, तेही आठवत नाही.

४०, मुंब्रा. इथून मन बोलायचं थांबलं. धीर आला म्हणून नव्हे, त्याच्याकडचं बोलणं संपलं असावं. पाय दुखत होते ते नुसतेच दुखत होते, त्यातून काही निष्कर्ष निघत नव्हता. चर्चगेटला आत वळलं की गर्दी दाटते, लोखंडी कठडे लागतात, माइकवरचा आवाज ऐकू यायला लागतो. शेवटचे १९५ मीटर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासून चिकटलेत आणि १९२१ ला कायमचे झाले. ज्यांनी ते चिकटवले त्यांचा मी तिथे मनापासून उद्धार केला.

रेषा ओलांडल्यावर भरून वगैरे काही आलं नाही. बसायचं होतं, एवढंच. आणि तेच करायचं नसतं. लगेच बसलं की रक्तदाब उतरून चक्कर येते, पोटऱ्या धरतात. निदान दहा मिनिटं चालत राहा, पदक, पाणी, खाऊची पिशवी घेत पुढे सरका. कोरडे कपडे लगेच बदला. नवरा ठरलेल्या जागी होता. फोनची रेंज गर्दीत भरवशाची नसते, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवून ठेवा. त्याने चपला पुढे केल्या, माझ्या बुटांच्या नाड्या त्यानेच सोडल्या, कारण मला वाकता येत नव्हतं. म्हणाला, "चेहऱ्यावर मीठ जमलंय तुझ्या."

परतीला रविवारचा मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा कमी) लक्षात घ्या, आदल्या दिवशी वेळापत्रक बघून ठेवा. आम्हाला गाडीत बसायला जागा मिळाली. मुलुंड गेल्यावर मी उठले नाही. ठाण्याला गाडी पूर्ण थांबल्यावर नवऱ्याने हात देऊन उठवलं. स्टेशनचे जिने उतरताना तिरकं, कठडा धरून उतरावं लागलं, मागून एक माणूस 'चला चला' करत होता, मग त्याला पदक दिसलं आणि तो थांबला.

सोमवारची रजा आधीच मंजूर करून घेतली होती, तशी तुम्हीही घ्या. मंगळवारी ऑडिटर आले, फाइली निघाल्या. वेळेचं प्रमाणपत्र ऑनलाइन मिळतं, ते लगेच उतरवून ठेवा, पुढच्या नोंदणीला लागतं. बुधवारी मात्र विनाकारण उदास वाटायला लागलं. भूक प्रचंड, झोप अर्धवट, आणि पहाटे पावणेपाचला उठून करायचं काही नाही. ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, सगळ्यांना होतं, आठवडाभर राहतं, जेव नीट. तसंच झालं. दोन आठवडे पळणं बंद ठेवलं. फिजिओकडे दोनदा गेले, सातशे रुपये एका वेळचे. पोटरी फेब्रुवारीत बरी झाली. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, ते मार्चमध्ये गळून पडलं.